सहाशे एकरांची गोष्ट

"बाई, फिनिक्स मिलमध्ये आम्ही सिनेमा बघितला. कमला मिलमध्ये काकांचं ऑफिस आहे. पण मग मिल कुठे आहे?"

चौथीतल्या एका मुलीनं हा प्रश्न विचारला आणि सगळा वर्ग हसला. मुलांनो, प्रश्न हसण्यासारखा मुळीच नाही. मोठमोठ्या माणसांनी कोर्टात वर्षानुवर्षं ज्या गोष्टीवर वाद घातला, तिथेच तो प्रश्न जाऊन पोचतो. गिरणी गेली, नाव राहिलं. मग गिरणीची जमीन कुणाची झाली?

तर आज या सदरात जमिनीच्या भांडणाची गोष्ट. ती मी सांगणार आहे ती त्या जमिनीवर राबलेल्या माणसांच्या बाजूनं. मालकांची बाजूही आहे, तीही मध्ये येईल. पण लालबाग-परळच्या शाळेत शिकवणारी बाई कुठल्या खिडकीतून बघणार, हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

मिल म्हणजे गिरणी. पिठाची नव्हे बरं का, कापडाची! मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये तिच्यात काम सुरू झालं. पुढं अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं (१८६१ ते १८६५), इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशातून मुंबईत कितीतरी उद्योग उभे राहिले. गिरण्या वाढत वाढत भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ, वरळी, नायगाव, दादरपर्यंत पसरल्या. या भागात तेव्हा शेतं होती, नारळी-ताडाची झाडं होती, तळी होती. जमीन स्वस्त होती. रेल्वे जवळून जात होती. समुद्राची हवा दमट, आणि दमट हवेत सूत लवकर तुटत नाही. कापडाच्या धंद्याला आणखी काय हवं? काही गिरण्यांना तर जमीन सरकारकडून किंवा पालिकेकडून नाममात्र भाड्यानं मिळालेली होती. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागेल.

गिरणी उभी राहिली तरी साचे आपोआप चालत नाहीत. माणसं लागतात. ती आली कोकणातून, म्हणजे आजच्या रत्नागिरी-सिंधुदुर्ग जिल्ह्यांतून. घाटावरून आली, सातारा-सांगली-कोल्हापुराकडून. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, उत्तरेतून भय्ये आले. बहुतेकजण एकटेच यायचे. एका गावची वीस-पंचवीस माणसं मिळून एक खोली भाड्यानं घेत. तिला गावकीची खोली म्हणत. सगळे एकाच वेळी झोपतील एवढी जागा खोलीत नसायची. पण गिरणी तीन पाळ्यांत चालायची. पहिल्या पाळीचे कामावर गेले की रात्रपाळीचे येऊन त्याच जागेवर आडवे व्हायचे. ट्रंक भिंतीकडेला, वळकटी वर, कपडे दोरीवर. जेवायचं खाणावळीत. खाणावळ म्हणजे पाटी लावलेलं हॉटेल नव्हे; चाळीतलीच एखादी मावशी दहा-वीस जणांचा स्वयंपाक करायची आणि पगार झाला की पैसे घ्यायची. याच खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये एकत्र आणलं आणि अन्नपूर्णा महिला मंडळ उभं राहिलं.

पुढं बायकामुलं आली. चाळी वाढल्या. १९२० नंतर सरकारनंच वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं बीडीडी चाळी बांधल्या, एकूण २०७ इमारती. एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तुमच्या वर्गात खडूनं दहा फूट बाय सोळा फुटांचा चौकोन आखा आणि त्यात आई, बाबा, आजी, काका आणि चार भावंडं बसवून बघा. एवढ्याशा जागेतून भजनी मंडळं निघाली, व्यायामशाळा निघाल्या, शाहीर निघाले. वाटेगावहून मुंबईला चालत आलेले अण्णा भाऊ साठे काही काळ गिरणीत राबले. गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना रस्त्यावर सोडून दिलेलं एक बाळ सापडलं. त्यांनी ते घरी नेलं, वाढवलं. तेच कवी नारायण सुर्वे.

सगळं गोडगोडच होतं असं मात्र समजू नका. विणायच्या खात्यात पगार जास्त; पण तिथं धोट्यातून धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. दलित कामगारांचं तोंड लागलेला धोटा आम्हाला चालणार नाही, असं सवर्ण कामगार म्हणत. म्हणून दलितांना त्या खात्यात घेतच नसत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपाच्या काळात हा प्रश्न धसास लावायचा प्रयत्न केला. ज्यांना स्वतःचा हक्क हवा असतो तीच माणसं दुसऱ्याचा हक्क कशी अडवतात, याचं हे आपल्याच घरातलं उदाहरण. ते झाकून ठेवायचं नाही.

आता मधेच एक छोटी गोष्ट, कारण ती जमिनीचीच आहे. लालबागचा राजा तुम्हाला माहीत आहे. रांगेत उभेही राहिला असाल. पण तो बसला कसा? लालबागला पेरू चाळीत उघड्यावर बाजार भरायचा. १९३२ मध्ये तो बंद झाला. कोळणी, भाजीवाले, छोटे दुकानदार, सगळे उघड्यावर पडले. कायमच्या बाजारासाठी जागा मिळू दे, आम्ही तुझी स्थापना करू, असा त्यांनी गणपतीला नवस केला. खटपट पुष्कळ केली, पुढाऱ्यांनी मदत केली, आणि अखेर जमीनमालक राजाबाई तय्यबअली यांनी बाजारासाठी जागा दिली. १९३४ मध्ये तिथं गणपती बसला, कोळ्याच्या वेषातला. आज दर्शनाला जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की हा नवस पोटापुरत्या जागेसाठी होता?

गिरण्यांच्या जमिनीचं भांडण मात्र असं सुटलं नाही.

१८ जानेवारी १९८२. मुंबईच्या गिरण्यांतले सुमारे अडीच लाख कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले. पगारवाढ हवी होती, बोनस हवा होता, बदली कामगारांना कायम करायला हवं होतं. (बदली कामगार म्हणजे जो रोज सकाळी गिरणीच्या दाराशी उभा राहतो आणि कुणी गैरहजर असलं तरच आत घेतला जातो.) आणखी एक मोठी मागणी होती. १९४६ च्या कायद्यामुळं कामगारांच्या वतीनं बोलायचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त युनियनला होता. कामगारांना तो कायदा बदलून हवा होता.

संप महिनाभर चालेल असं लोकांना वाटलं होतं. तो वर्ष उलटून गेलं तरी चालला. भांडी विकली गेली, मंगळसूत्रं गहाण पडली. कितीतरी कुटुंबं गावी परतली. काही मुलं शाळा सोडून बूटपॉलिश करू लागली, काही वाईट नादाला लागली. गंमत अशी (गंमत कसली म्हणा!) की हा संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कधी झालीच नाही. तो विरून गेला. लाखभर कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. तेरा गिरण्यांचा कारभार सरकारनं १९८३ मध्ये आपल्याकडे घेतला. बाकीच्या काही रडतखडत चालल्या, काही बंद झाल्या.

आणि मग हळूहळू मालकांच्या ध्यानात आलं की आपण कापडावर बसलेलो नाही, जमिनीवर बसलेलो आहोत! मुंबईत ५८ गिरण्या आणि त्यांची मिळून सुमारे सहाशे एकर जमीन. तीही शहराच्या अगदी मधोमध. शंभर वर्षांपूर्वी स्वस्त होती म्हणून घेतलेली जागा आता सोन्याहून महाग झाली होती. ती महाग कुणामुळं झाली? आजूबाजूला वस्ती झाली, रस्ते झाले, बाजार झाले, गाड्यांची स्टेशनं गजबजली. ते काय मालकानं एकट्यानं केलं? कामगारांचं म्हणणं एवढंच होतं की कागद तुमच्या नावाचा आहे हे खरं, पण किमतीत आमचाही घाम आहे. काही जमिनी तर सरकारनं नाममात्र भाड्यानं दिलेल्या. वर सांगितलेलं वाक्य आठवलं ना?

मालक म्हणत, गिरणी तोट्यात आहे, कर्ज डोक्यावर आहे, कामगारांची देणीही थकली आहेत. जमीन विकल्याशिवाय हा पैसा आणायचा कुठून? हेही अगदीच खोटं नव्हतं.

मग १९९१ मध्ये सरकारनं मुंबईसाठी विकास नियंत्रण नियम केले. त्यातला ५८ क्रमांकाचा नियम गिरण्यांच्या जमिनीचा. तो साधारण असा होता: गिरणी पाडून जमिनीवर नवं बांधायचं असेल तर जमिनीचे तीन वाटे करा. एक वाटा शहराला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला सामान्य लोकांच्या घरांसाठी, आणि एक मालकाला. दिलेल्या जमिनीच्या बदल्यात मालकाला दुसरीकडे जास्त बांधकामाचा हक्कही होता. वाटणी बरी होती. पण नियमाला एक खिडकी होती. जुनी शेड न पाडता आतल्या आत वापर बदलला, तर वाटणी करावी लागत नव्हती. म्हणून पुष्कळांनी शेड तशाच ठेवल्या आणि आत ऑफिसं, दुकानं, हॉटेलं थाटली. आता कळलं का, काकांचं ऑफिस मिलमध्ये कसं?

त्यानंतर २००१ मध्ये सरकारनं हा नियम बदलला. काय बदललं हे नीट समजावं म्हणून आपण एक गणित करू. वही घ्या.

समजा, एका गिरणीची जमीन १२ एकर आहे. त्यातल्या ९ एकरांवर शेड, गोदामं, धुराडं, ऑफिस असं बांधकाम आहे. ३ एकर मोकळी आहे. जुन्या नियमानं सगळ्या १२ एकरांची वाटणी झाली असती. शहराला ४, म्हाडाला ४, मालकाला ४. नवा नियम म्हणाला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करा. म्हणजे ३ एकरांची. शहराला १, म्हाडाला १, मालकाला १. आणि बांधकामाखालची ९ एकर? तीही मालकाला. बेरीज करा: मालकाकडे १० एकर. शेड पाडल्यावर ती जमीन मोकळीच होते की नाही? होते. पण ती मोकळी म्हणून मोजायची नाही!

आमच्या वर्गात हे गणित फळ्यावर सोडवलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा पटकन म्हणाला, "बाई, ही चीटिंग आहे." मी त्याला म्हटलं, कायद्यात याला दुरुस्ती म्हणतात.

बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप ही पर्यावरणाचं काम करणारी संस्था याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं निकाल संस्थेच्या बाजूनं दिला. त्याच वर्षी २६ जुलैला अर्धी मुंबई पाण्यात बुडाली होती, त्यामुळं शहराला मोकळ्या जागा कशाला हव्यात हे कुणाला वेगळं सांगायची गरज नव्हती. पण प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि मार्च २००६ मध्ये तिथला निकाल गिरण्यांच्या बाजूनं लागला. दरम्यान २००५ मध्ये सरकारी मालकीच्या गिरण्यांच्या जमिनींचे लिलावही झाले होते. लोअर परळच्या मुंबई टेक्सटाइल मिलच्या साधारण सतरा एकर जमिनीला ७०२ कोटी रुपये आले. आकडा वाचताना ज्यांचा पगार थकला होता त्या कामगारांना काय वाटलं असेल?

एका ठिकाणी मात्र वेगळं घडलं. दादरला चैत्यभूमीशेजारी इंदू मिल होती, सरकारी मालकीची, साडेबारा एकरांची. तिथं बाबासाहेबांचं स्मारक व्हावं ही लोकांची मागणी होती. ६ डिसेंबर २०११ ला, महापरिनिर्वाण दिनी, कार्यकर्ते थेट मिलच्या आवारात शिरले आणि तिथंच मुक्काम ठोकला. वर्षभरानं, डिसेंबर २०१२ मध्ये, केंद्र सरकारनं ही जमीन स्मारकाला देण्याचं संसदेत जाहीर केलं. ऑक्टोबर २०१५ मध्ये भूमिपूजन झालं. ज्या समाजाला एकेकाळी धोट्याला हात लावू देत नव्हते, त्यानं एक अख्खी गिरणी मिळवली.

उरलेल्या कामगारांनी काय केलं? ते कागद जपत बसले. बंद गिरण्यांतल्या कामगारांना १९८९ पासून दत्ता इस्वलकरांनी संघटित केलं होतं. ते स्वतः मॉडर्न मिलमधले कामगार. २०२१ मध्ये ते गेले, पण त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतर संघटनांनी एक मागणी कधी सोडली नाही: गिरणीच्या जमिनीवर गिरणी कामगाराला घर. म्हाडाच्या वाट्याला जी थोडी जमीन आली तिच्यावर इमारती झाल्या, आणि १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर जो कामावर होता तो किंवा त्याचे वारस अर्ज करू शकतात असं ठरलं. पुरावा म्हणून तिकीट नंबर, लाल पास, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, फंडाचा नंबर. लोकांनी ट्रंका उपसल्या. देवाच्या फोटोमागून, तांदळाच्या डब्याखालून कागद निघाले.

हे वाचताना मला एका दूरच्या देशातल्या माणसांची आठवण होते. पॅलेस्टाइनचं नाव तुम्ही बातम्यांत ऐकता. १९४८ च्या युद्धात तिथल्या सुमारे सात लाख अरब लोकांना घरदार सोडावं लागलं. चार दिवसांत परत येऊ म्हणून अनेकांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली बरोबर नेली. परत जाता आलं नाही. आजही कितीतरी घरांत ती लोखंडी किल्ली भिंतीला टांगलेली असते. पणजोबांची किल्ली, आणि पणतवानं ते गाव पाहिलेलंही नाही. ज्यू लोकांची बाजू अशी की युरोपात त्यांचा भयंकर छळ झाला, लाखो मारले गेले, त्यांनाही कुठंतरी सुरक्षित घर हवं होतं. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायली लोकही पुढं मोठ्या संख्येनं तिकडं गेले. तिथं युद्ध आहे, दोन समाज आहेत, आजही माणसं मरताहेत. आपल्या गिरणगावाची गोष्ट त्या मापाची नाही. पण तिथली किल्ली आणि इथला लाल पास एकाच कारणासाठी जपलेले आहेत. आम्ही इथले होतो, हे सांगायला दुसरं काही हाताशी नाही.

घरांचं काय झालं? २०१२ मध्ये पहिली मोठी सोडत निघाली, ६,९२५ घरांची. २०१६ मध्ये पनवेलजवळच्या कोन इथल्या घरांची. २०२० मध्ये आणखी ३,८९४. मुंबईतलं एक घर २२५ चौरस फूट, म्हणजे पंधरा बाय पंधरा. चाळीतल्या खोलीपेक्षा थोडं मोठं, पण न्हाणीघर आत. या तीन सोडतींतली घरं मिळून तेरा हजारांच्या आसपास, आणि अर्ज दीड लाखाहून जास्त. भागाकार तुम्हीच करा. अकरा-बारा अर्जांमागे एक. फुकटही नाही, २०२० च्या सोडतीत घराची किंमत साडेनऊ लाख रुपये होती.

२०२४ मध्ये सरकारनं उरलेल्यांसाठी शेलू आणि वांगणी इथं घरांची योजना पुढं आणली. मध्य रेल्वेचा नकाशा उघडा आणि शोधा. कर्जतच्या वाटेवर, बदलापूरच्याही पुढं. कुणी म्हणतं, काहीच नसण्यापेक्षा बरं. पण पुष्कळ कामगारांनी नकार दिला. जुलै २०२५ मध्ये ते आझाद मैदानावर जमले. काठी टेकत आलेले आजोबा, त्यांच्या सुना, नातवंडं. मागणी तीच, घर द्यायचं तर मुंबईत द्या. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्यानं तीस वर्षं परळला पाळी केली, त्याला आपलं म्हातारपण परळलाच काढावंसं वाटलं तर त्यात हट्ट कसला? माणूस ओळखीच्या गल्लीत म्हातारा होतो तेव्हा त्याला वाणी उधार देतो, शेजारीण चहा देते. शेलूला त्याला कोण ओळखणार?

तेव्हा या आठवड्याचा गृहपाठ. घरात किंवा शेजारी कुणी गिरणीत होतं का ते विचारा. कोणती गिरणी, कोणतं खातं, कितवी पाळी, तिकीट नंबर काय, पहिला पगार किती, आणि आज त्या गिरणीच्या जागेवर काय उभं आहे? मुंबईबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या गावातून मुंबईला कोण कोण गेलं होतं ते विचारावं. आईबाबांनी मदत करायला हरकत नाही, पण अक्षर तुमचं हवं. आजोबांचे कागद असतील तर मूळ प्रत मुळीच पाठवू नका, ती घरातच राहू द्या. उत्तरं एका पानात लिहून साप्ताहिकाच्या पत्त्यावर पाठवा आणि पाकिटाच्या कोपऱ्यात 'सहाशे एकर' असं लिहा.